ज्याला गिटार वाजवता येत नव्हती, त्याच्या ॲम्पची नक्कल करायला आज कॉम्प्युटर राबतायत

फेंडर कंपनीचे दोन ॲम्प शेजारी शेजारी ठेवा. दोघांवर नाव एकच, ट्विन रिव्हर्ब. तेच काळं रेक्झिन, तीच चंदेरी जाळी, पुढे तीच बटणं. लांबून बघणाऱ्याला फरक कळायचा नाही.

पण उचलायला गेलात की कळतो. एक भरतो साधारण २९ किलो आणि दुसरा १५ किलो. पहिल्याच्या पाठीमागे डोकावलं तर काचेच्या ट्यूब तापून चमकताना दिसतात. दुसऱ्यात ट्यूबच नाही. त्याच्या आत एक चिप बसलीय आणि ती सेकंदाला कोट्यवधी हिशोब करून पहिल्यासारखा आवाज काढते.

मग खरा ॲम्प कुठला? या एका प्रश्नावरून जगभरातली गिटारवाली मंडळी गेली पंचवीस वर्षं भांडतायत.

गंमत म्हणजे ज्या माणसाचं आडनाव या दोन्ही डब्यांवर आहे, तो १९९१ सालीच गेला. त्याला गिटार वाजवता येत नव्हती. आणि ट्यूबच्या ज्या फाटक्या आवाजावरून हे सगळं भांडण पेटलंय, तो आवाज ॲम्पमधून हद्दपार करण्यात त्याने आपली उमेदीची वर्षं घातली होती.

त्याचं नाव लिओ फेंडर.

१० ऑगस्ट १९०९ चा त्याचा जन्म. कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन आणि अनाहाइम या पट्ट्यात तेव्हा संत्र्याच्या बागा होत्या. लिओच्या आईबापाचीही अशीच एक बाग होती. पोरगा आठ वर्षांचा असताना डाव्या डोळ्यात गाठ निघाली आणि डोळा काढावा लागला. तिथे काचेचा डोळा बसला तो कायमचा.

जॉन वेस्ट नावाच्या त्याच्या एका नातेवाइकांचं सांता मारिया गावात गाड्यांच्या इलेक्ट्रिक कामाचं दुकान होतं. लिओ १३ वर्षांचा असताना त्यांनी त्याला टाकाऊ पार्टचं एक खोकं आणि एक बॅटरी पाठवली. पुढे तो त्यांच्या दुकानात गेला, तर तिथे सुट्ट्या पार्टपासून जोडलेला रेडिओ मोठ्याने गात होता. पोरगा त्या आवाजाने झपाटला. घरी येऊन त्याने रेडिओ खोलायला आणि जोडायला सुरुवात केली.

शिकला मात्र अकाउंट्स. बर्फाच्या कंपनीत आधी डिलिव्हरीची आणि मग हिशोबाची नोकरी केली. त्याच काळात एका बँडवाल्याने नाचाच्या कार्यक्रमांसाठी लाऊडस्पीकरचे सेट बनवून मागितले, तर त्याने सहा सेट बनवून दिले. १९३४ साली एस्थरशी लग्न झालं. पण तो काळ महामंदीचा होता. सरकारी हायवे खात्यातली नोकरी गेली. मग टायरच्या कंपनीत लागला, तर सहा महिन्यांत तिथूनही घरी बसवलं.

शेवटी १९३८ साली त्याने ६०० डॉलर कर्ज काढलं आणि फुलर्टनमध्ये दुकान टाकलं. नाव ठेवलं, फेंडर रेडिओ सर्व्हिस.

इथून पुढची गोष्ट कळायला ट्यूब म्हणजे काय ते समजून घ्यावं लागतं.

आपल्याकडे जुनी माणसं व्हॉल्व्हच्या रेडिओबद्दल बोलतात ना, बटण फिरवल्यावर लगेच न लागणारा, आधी तापणारा रेडिओ. त्यातला व्हॉल्व्ह म्हणजेच ही ट्यूब. हवा काढून घेतलेली काचेची नळी. आत एक भाग तापवला की त्यातून इलेक्ट्रॉन सुटतात आणि समोरच्या पट्टीकडे धावतात. मधे एक बारीक जाळी असते. त्या जाळीवर गिटारचा इवलासा सिग्नल दिला की तो समोरून जाणाऱ्या मोठ्या प्रवाहाला नळाच्या चावीसारखा कमी-जास्त करतो. छोट्या सिग्नलचा मोठा सिग्नल होतो तो असा.

लिओच्या दुकानात रेडिओ तर यायचेच, पण वादकांचे बिघडलेले ॲम्पही यायचे. तो ते खोलायचा. कुठली वायर तुटते, कुठला पार्ट जळतो, कुठे पोचायला मेकॅनिकला अख्खा डबा सोडवावा लागतो, हे त्याला रोज दिसत होतं. म्हणजे ॲम्प बनवायला लागण्याआधी त्याने दुसऱ्यांच्या ॲम्पमधल्या चुका हाताळून घेतल्या होत्या.

डॉक कॉफमन नावाच्या जोडीदाराबरोबर त्याने मांडीवर ठेवून वाजवायच्या स्टील गिटार आणि त्यांचे ॲम्प बनवले. १९४६ मध्ये डॉक बाहेर पडला. लिओने कंपनीचं नाव बदलून फेंडर इलेक्ट्रिक इन्स्ट्रुमेंट कंपनी केलं आणि एकट्याने पुढे निघाला.

पुढच्या आठ वर्षांत त्याने जे केलं त्यावर आजचं निम्मं संगीत उभं आहे. १९५० मध्ये सरळ लाकडाच्या फळीची इलेक्ट्रिक गिटार आणली, जी नंतर टेलिकास्टर म्हणून ओळखली गेली. १९५१ मध्ये प्रिसिजन बेस आला आणि १९५४ मध्ये स्ट्रॅटोकास्टर. गिटार वाजवता येत नसल्यामुळे तो नवीन नमुना सरळ वादकांच्या हातात द्यायचा, त्यांच्या तक्रारी ऐकायचा आणि परत टेबलावर बसायचा.

ॲम्पच्या बाबतीत त्याचा हिशोब सरळ होता. आवाज मोठा पाहिजे, स्वच्छ पाहिजे, डबा दणकट पाहिजे आणि बिघडला तर गावातल्या रेडिओ मेकॅनिकला दुरुस्त करता आला पाहिजे.

त्यामुळे मागची फळी काढली की ट्यूब हाताशी येतात. कुठली ट्यूब कुठे बसते याचा तक्ता डब्याच्या आत चिकटवलेला असायचा. पार्ट एका पट्टीवर ओळीने मांडलेले असायचे, म्हणजे खराब झालेला पार्ट सोल्डरिंगने काढून नवा लावता यायचा. कारखान्यात ही जोडणी प्रामुख्याने बायका करायच्या आणि ज्या बाईने ॲम्प जोडला तिचं नाव चिकटपट्टीच्या तुकड्यावर लिहून आत लावलेलं असायचं. आज जुने ॲम्प गोळा करणारे लोक तो तुकडा शोधत असतात.

आता येतो मुद्दा फाटक्या आवाजाचा.

ट्यूबला झेपेल त्यापेक्षा मोठा सिग्नल दिला की ती हात वर करते. आवाजाच्या लाटेचे शेंडे दाबले जातात आणि मूळ सुराबरोबर नवे सूर तयार होतात. आपण म्हणतो, आवाज फाटला. पण ट्यूबमध्ये हे हळूहळू होतं. हलक्या हाताने वाजवलं तर आवाज स्वच्छ, जोर लावला तर किंचित खरखर आणि अजून जोर लावला तर गुरगुर. त्यातच जोरात आघात केला की ॲम्पचा आतला वीजपुरवठा क्षणभर दबतो आणि सावरतो. वाजवणाऱ्याला वाटतं, ॲम्प आपल्या बोटांना उत्तर देतोय.

लिओच्या दृष्टीने हा बिघाड होता. म्हणून तो दर काही वर्षांनी नवा ॲम्प आणायचा तो आधीच्यापेक्षा ताकदवान आणि स्वच्छ. वादकांनी मात्र नेमका हा बिघाडच डोक्यावर घेतला. नील यंगसारखा मोठा रॉक गायक १९५९ चा फेंडर डिलक्स हा छोटा ॲम्प दशकानुदशकं वापरत आला, तो त्याच्या फाटणाऱ्या आवाजासाठीच.

सगळ्यात भारी किस्सा बेसमन नावाच्या ॲम्पचा. १९५२ मध्ये लिओने तो बेस गिटारसाठी आणला होता. पुढे त्याचं चार स्पीकरवालं रूप आलं. बेसवाले बाजूला राहिले आणि गिटारवाल्यांनीच तो उचलला. तिकडे लंडनच्या हॅनवेल भागात जिम मार्शल नावाचा ड्रमर वाद्यांचं दुकान चालवायचा. अमेरिकेतून येणारे फेंडर ॲम्प ब्रिटिश पोरांना परवडत नव्हते. १९६२ मध्ये मार्शलच्या माणसांनी एक बेसमन समोर ठेवला आणि त्याचं सर्किट जवळपास जसंच्या तसं उतरवलं. ब्रिटनमध्ये मिळणारे पार्ट आणि वेगळे स्पीकर वापरल्यामुळे आवाज अजून रांगडा झाला.

तो मार्शलचा पहिला ॲम्प. पुढे एरिक क्लॅप्टन आणि जिमी हेन्ड्रिक्सने मार्शल ॲम्प फुल सोडून जो आवाज काढला, त्याला जग रॉकचा आवाज म्हणायला लागलं. त्याच्या मुळाशी लिओचं सर्किट होतं आणि ते लिओला नको असलेल्या पद्धतीने वाजत होतं.

लिओ तेव्हा उलट्या दिशेला निघाला होता. कॅलिफोर्नियात डिक डेल नावाचा सर्फ गिटारवाला एवढ्या जोरात वाजवायचा की लिओने दिलेले ॲम्प आणि स्पीकर एकामागून एक जळून जायचे. वर्कशॉपमध्ये चाललेला ॲम्प याच्या हातात का मरतो, हे लिओला कळेना. शेवटी तो डेल वाजवायचा त्या बाल्बोआच्या नाचघरात जाऊन गर्दीत उभा राहिला. तेव्हा त्याला कळलं, की हजारो माणसांनी भरलेल्या हॉलमध्ये रिकाम्या खोलीचा आवाज पुरणारच नाही. मग मोठा ट्रान्सफॉर्मर आणि १५ इंची दणकट स्पीकर घालून शोमन हा ॲम्प तयार झाला. १९६३ मध्ये ८५ वॅटचा ट्विन रिव्हर्ब आला. स्वच्छ आणि मोठ्या आवाजाचं लिओचं स्वप्न एका डब्यात बसलं होतं.

आणि बरोबर याच वेळी त्याचं शरीर थकलं.

सायनसचं इन्फेक्शन त्याला बरीच वर्षं छळत होतं. काही केल्या बरं होईना. आपण आता फार जगत नाही असं त्याने धरून चाललं आणि कंपनी विकायची ठरवली. जानेवारी १९६५ मध्ये सीबीएस या बड्या ब्रॉडकास्टिंग कंपनीने फेंडर विकत घेतली, १ कोटी ३० लाख डॉलरला. काही महिने आधी याच सीबीएसने न्यूयॉर्क यांकीज या नावाजलेल्या बेसबॉल टीमचा ८० टक्के हिस्सा घेतला होता, तो यापेक्षा कमी पैशात.

६०० डॉलर कर्जाचं दुकान कुठे गेलं बघा. पण या पैशाबरोबर लिओने आणखी एक गोष्ट दिली होती. स्वतःचं नाव. शिवाय १० वर्षं या धंद्यात स्पर्धा करायची नाही, अशी अटही होती.

सही झाल्यावर पुढे एका डॉक्टरने अँटिबायोटिक्सचा जोरदार कोर्स दिला आणि लिओ ठणठणीत बरा झाला. माणूस वाचला, कंपनी गेली होती.

सीबीएसने काय केलं? ट्रान्झिस्टर १९४७ मध्ये बेल लॅब्समध्ये जन्माला आला होता आणि ६० च्या दशकात सगळीकडे ट्यूबची जागा घेत होता. छोटा, हलका, स्वस्त आणि तापायला वेळ न घेणारा. १९६६ मध्ये फेंडरने ट्रान्झिस्टरचे ॲम्प बाजारात आणले. ते सपशेल पडले. बिघडायचे लवकर आणि जोरात वाजवले की आवाज ट्यूबसारखा हळूहळू न फाटता एकदम कापला जायचा, कानाला टोचायचा. काही वर्षांत ते बंद करावे लागले.

ट्यूब ती ट्यूबच, हा समज गिटारवाल्यांच्या डोक्यात घट्ट बसायला असे अनुभव कारणीभूत ठरले. रेडिओ आणि टीव्ही ट्यूब सोडून पुढे गेले, गिटारवाले मात्र तिथेच थांबले.

आता इथे वाटेल, की लिओ तरी कट्टर ट्यूबवाला असणार. तर तसंही नव्हतं.

७० च्या दशकात जुन्या सहकाऱ्यांनी नवी कंपनी काढली आणि लिओने त्यात पैसे घातले. १० वर्षांची अट संपल्यावर १९७५ मध्ये तो तिचा अध्यक्ष झाला. कंपनीचं नाव म्युझिक मॅन. त्यांच्या पहिल्या ॲम्पमध्ये सुरुवातीच्या भागात ट्रान्झिस्टर होते आणि शेवटच्या पॉवरच्या भागात ट्यूब. जिथे ट्रान्झिस्टरने काम भागतं तिथे ट्रान्झिस्टर, जिथे ट्यूब लागते तिथे ट्यूब.

१९७९ मध्ये एस्थर कॅन्सरने गेली. म्युझिक मॅनमध्येही बिनसलं. सत्तरीतल्या लिओने जुना साथीदार जॉर्ज फुलर्टनबरोबर तिसरी कंपनी काढली, जी अँड एल. जॉर्ज आणि लिओ. स्वतःचं आडनाव त्याला गिटारवर टाकता येत नव्हतं, कारण ते विकलेलं होतं.

१९८५ मध्ये सीबीएस फेंडरला कंटाळली आणि कंपनीच्या कर्मचाऱ्यांनीच ती सव्वा कोटी डॉलरला विकत घेतली. त्या सौद्यात फुलर्टनचा कारखाना नव्हता. नाव, डिझाइन आणि उरलेला माल एवढ्यावर त्यांना उभं राहायचं होतं. त्यांनी ओळखलं, की लोकांना लिओच्या काळातला माल हवाय. १९९० मध्ये त्यांनी १९५९ चा बेसमन पुन्हा बाजारात आणला.

लिओ तेव्हा त्याच गावात आपल्या वर्कशॉपमध्ये बसून नव्या गिटारवर काम करत होता. पार्किन्सनने हात थरथरायचे, तरी रोज यायचा. २१ मार्च १९९१ ला वयाच्या ८१ व्या वर्षी तो गेला, आदल्या दिवशीपर्यंत कामावर होता असं सांगतात. पुढच्याच वर्षी रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये त्याचं नाव गेलं.

त्याच्या मागे सात वर्षांनी खरा राडा सुरू झाला.

१९९८ मध्ये लाइन सिक्स या कंपनीने पॉड नावाचा लाल, राजम्याच्या दाण्यासारखा दिसणारा डबा आणला. एकाच डब्यात डझनभर नावाजलेल्या ॲम्पचे आवाज. याला म्हणतात ॲम्प मॉडेलर.

हे चालतं कसं? गिटारचा सिग्नल सेकंदाला ४४ ते ४८ हजार वेळा किंवा त्याहून जास्त वेळा मोजून आकड्यांत उतरवला जातो. ट्यूब, ट्रान्सफॉर्मर, वीजपुरवठ्याचं ते दबणं, यांच्या वागण्याची गणितं आधीच बसवलेली असतात. आकडे त्या गणितांतून जातात. मग स्पीकर आणि त्याच्यापुढे ठेवलेल्या माईकचा ठसा लावला जातो आणि आकड्यांचा परत आवाज होतो. हे सगळं काही मिलीसेकंदांत.

सुरुवातीचे मॉडेलर निर्जीव वाटायचे, कारण हलक्या आणि जोरदार हातातला फरक त्यांना नीट पकडता येत नव्हता. पुढे चिप ताकदवान झाल्या. २०११ मध्ये जर्मनीच्या केम्परने खऱ्या ॲम्पला ठरावीक सिग्नल देऊन, तो काय उत्तर देतो हे मोजून त्याची छबी उतरवायची सोय केली. आता तर न्यूरल नेटवर्क खऱ्या ॲम्पचा आवाज ऐकून शिकतात. रेकॉर्डिंग ऐकून ट्यूब कुठली आणि मॉडेलर कुठला हे सांगणं मुरलेल्या कानांनाही अवघड जातं.

२०१९ मध्ये खुद्द फेंडरनेच टोन मास्टर मालिकेत ट्विन रिव्हर्बचं डिजिटल रूप आणलं. सुरुवातीला सांगितलेला १५ किलोचा डबा तोच.

म्हणजे लिओ ज्याला बिघाड समजायचा, तो बिघाड हुबेहूब उतरवायला आज इंजिनियर आणि चिप राबतायत.

मग घ्यायचा कुठला? लिओची जुनी फूटपट्टी लावून बघा, उत्तर सरळ येतं.

घरी वाजवणार असाल तर ट्यूबचा मोठा ॲम्प अडचणीचाच. त्याचा खरा रंग आवाज मोठा केल्याशिवाय येत नाही आणि फ्लॅटमध्ये रात्री ८५ वॅट सोडले तर सोसायटीची मीटिंग ठरलेली. मॉडेलर हेडफोनवर चालतो, पाठीला झेपतो, शंभर आवाज देतो. ट्यूब झिजतात, बदलाव्या लागतात आणि त्या बनवणारे मोठे कारखाने आता रशिया, स्लोव्हाकिया, चीन एवढ्यावरच आलेत. ट्यूब ॲम्पच्या आत चारशे व्होल्टच्या आसपास वीज खेळते आणि बंद केल्यावरही काही वेळ तिथे साठून राहते, त्यामुळे माहिती नसताना हात घालणं जिवावर बेतू शकतं.

पण स्टेजवर पाठीमागे ॲम्प हवा ढकलतोय, गिटारची तार त्या आवाजाने स्वतःच थरथरतेय, हा अनुभव हेडफोनवर मिळत नाही. तो हवा असेल तर मॉडेलरलाही शेवटी मोठा स्पीकर लावावाच लागतो.

आणि लिओची सगळ्यात आवडती कसोटी, दुरुस्ती. १९६३ चा ट्विन रिव्हर्ब आजही जाणकार मेकॅनिकच्या टेबलावर खुलतो, जळका पार्ट निघतो, नवा बसतो आणि ॲम्प परत बोलायला लागतो. वीस वर्षांपूर्वीच्या मॉडेलरची मुख्य चिप गेली, तर तिथे सोल्डरिंग घेऊन बसलेला हुशार माणूसही फारसं काही करू शकत नाही.

वजन, किंमत आणि सोय यात मॉडेलर पुढे आहे. साठ वर्षं टिकायचं म्हटलं तर अजून ट्यूब पुढे आहे. लिओने स्वतः ट्यूबची पूजा कधी केली नाही, सोयीचा वाटला तेव्हा ट्रान्झिस्टरही वापरला. त्याच्या दुकानात ॲम्प आला की त्याला एवढंच बघायचं असायचं, की हा वाजतो का, आणि बिघडला तर खोलता येतो का.

यातल्या पहिल्या प्रश्नाला मॉडेलरने उत्तर दिलंय. दुसऱ्याचं उत्तर अजून बाकी आहे.